पिल्लाची पावती

माझा नातू आता कुत्रा मागत नाही. त्याआधी तीन वर्षं त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवायचा कुठे, सोसायटीचे सेक्रेटरी काय म्हणतील, सकाळी फिरवायला कोण नेणार, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार असायची. शेवटी मुलगा आणि सून नमले. दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात बारा हजार रुपये मोजून लॅब्रेडॉरचं पिल्लू घरात आलं. विकणारा गोड बोलणारा होता. पिल्लू दोन महिन्यांचं आहे, एक लस झालेली आहे, पुढची महिन्याभरानं टोचा, असं त्यानं सांगितलं. पावती मागायचं कुणाला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि सातव्या दिवशी सगळं आटोपलं. डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं की, हे फार तर पाच आठवड्यांचं होतं. 'पार्व्हो' नावाचा हा आजार. त्याचे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला तीन दिवस ते आठवडा लागतो. म्हणजे आम्ही पैसे मोजले तेव्हा पिल्लू शेपटी हलवत होतं आणि रोग बहुधा त्याच्या आतच होता. विकणाऱ्याला फोन लावला, तर नंबर बंद.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली. सातबारा, जामीनदार आणि दोन फोटो यांच्याशिवाय कुणाला दोन हजारांचं कर्ज दिलं नाही. माझ्याच घरात बारा हजारांचा व्यवहार कागदाच्या कपट्याशिवाय झाला. सुनेनं मला फोनवर विचारलं, "बाबा, असल्या लोकांना काही कायदा नसतो का?" मला सांगता येईना. वकिली पुस्तकं चाळायची सवय आहे, म्हणून शोधायला बसलो. आणि कायदा होता की!

तो कायदा सांगण्याआधी आमच्या माजलगावाबद्दल थोडं सांगायला हवं. नोकरीत असताना इथे पहिल्यांदा आलो तेव्हा सिंदफणेवरच्या धरणाचं काम संपत आलं होतं. पुढे बदल्या झाल्या, पण निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. कुत्र्यांच्या पिल्लांवरून माजलगाव तालुका एकदाच देशभर गाजला, तो डिसेंबर २०२१ मध्ये. लवूळ गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या माळवदांवर नेत आहेत आणि ती खाली पडून मरत आहेत, अशी बातमी आली. मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेपर्यंत छापून आला. माकडांनी सूड उगवला, असे मथळे परदेशी वर्तमानपत्रांतही झळकले. वन खात्यानं दोन माकडं पकडली, तेव्हा प्रकरण थंडावलं. अडीचशेचा आकडा आला कुठून, हे मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणी सांगू शकलं नाही. गावातली पिल्लं ही मोजायची गोष्ट आहे, असं तोवर कुणाला वाटलंच नव्हतं.

मोजली जातात ती फक्त कारवानी जातीची. मराठवाड्याच्या वाचकांना कारवानी कुत्रा सांगायला नको. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, फासळ्या मोजाव्यात अशी अंगलट आणि पळायला लागला की वाऱ्याशी शर्यत. तांड्यांबरोबर, काफिल्यांबरोबर हिंडणारा म्हणून हे नाव, असं जुने लोक सांगतात. कर्नाटकातला मुधोळ हा याचाच भाऊबंद. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली होती. २००५ साली मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगताना मुधोळचं नाव घेतलं. आमच्या ओळखीतला एक गडी म्हणतो, "तवापासून पुन्या-मुंबईचे फोन यायलेत साहेब."

हा गडी ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मुकादमाकडून उचल घेतात आणि सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांच्याकडे एक कारवानी कुत्री आहे, काळी, छातीवर पांढरा ठिपका. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर जाते, उसाच्या पाचटाच्या कोपीपुढे राखणीला बसते आणि हंगामात कधीतरी त्याच कोपीत विते. पाच-सहा पिल्लं होतात, एखादं बिबट्या नेतो, एखादं दगावतं. राहिलेली तीन-चार हजाराला एक अशी जातात. उचल फेडताना तेवढाच हातभार.

मागच्या वर्षी पावसाळ्यात तो एक पिल्लू घेऊन माझ्या ओट्यावर आला. पोत्यातून नाकाचं काळं टोक तेवढं बाहेर होतं. "नातवासाठी घ्या," म्हणाला. पुण्याची हकीकत त्याच्या कानावर गेली होती. पिल्लू किती दिवसांचं विचारलं, तर त्यानं बोटं मोडून सांगितलं, "सत्तर. भाकरी कुस्करून खायला लागल्याबिगर मी आईपासून तोडीत नसतो." मी म्हणालो, "पावती देतोस का?" तो हसला. त्याला वाटलं, साहेब थट्टा करतायत.

आता तो कायदा. प्राण्यांचा छळ रोखण्याचा मूळ कायदा १९६० सालचा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी हा विषय तिथे लावून धरला म्हणून तो झाला. त्यात कुत्री वाढवून विकणाऱ्यांबद्दल वेगळं काही नव्हतं. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगानं पाळीव प्राण्यांची दुकानं आणि कुत्र्यांची पैदास करणारे यांच्यावर नियम हवेत, असा अहवाल दिला. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम राजपत्रात प्रसिद्ध केले, २०१८ मध्ये दुकानांचेही झाले. पिल्लं काढून विकायची असतील, तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. फी पाच हजार रुपये, परत न मिळणारी. नोंदणी दोन वर्षांची, मग पुन्हा पाच हजार. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्यापूर्वी लस आणि मायक्रोचिप. ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, मानेमागे कातडीखाली सुईनं घालतात. यंत्र फिरवलं की तिच्यातला पंधरा आकडी नंबर दिसतो. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून वीण घ्यायची नाही, दर माजाला घ्यायची नाही. कान कापायचे नाहीत, शेपूट छाटायची नाही. दप्तर ठेवायचं, तपासणीला आलेल्यांना दाखवायचं.

वाचताना मला राग येत गेला, आणि तो नियमांचा नव्हता. यातला एक आठ आठवड्यांचा नियम जरी पाळला गेला असता, तरी आमच्या घरात आलं ते पिल्लू त्या दिवशी आईजवळ असतं. आईच्या दुधातून मिळालेलं बळ सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागतं, लशीचं बळ यायला वेळ लागतो, आणि या मधल्या फटीत रोग शिरतो. कोवळं पिल्लू दिसायला गोंडस, म्हणून लवकर विकलं जातं. पुण्यातल्या त्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

मग मूळ कायद्यातली शिक्षा वाचली. प्राण्याला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! १९६० साली पन्नास रुपयांत पायलीनं ज्वारी येत असेल. आज तेवढ्यात दोन माणसांचा चहाही धड होत नाही, आणि रक्कम तीच. एकीकडे नोंदणीला पाच हजार, दुसरीकडे छळ केल्याबद्दल पन्नास. बँकेतली भाषा वापरायची, तर खातं बुडवणाऱ्याला पन्नास आणि हप्ता भरायला येणाऱ्याला पाच हजार.

त्या गड्याला मी सगळं समजावून सांगितलं. नियमांत किती कुत्र्यांपासून पुढे, किती पिल्लांपासून पुढे, असा आकडा नाही. जातिवंत कुत्री ठेवून पिल्लं विकणारा, मग तो एकटा माणूस असला तरी 'ब्रीडर'. म्हणजे तोही आला. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "नोंदणी केली, तर कुत्री माझीच राहती ना?"

या प्रश्नानं मला १९८६ साल आठवलं. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात, म्हणजे सगळे ज्याला 'आयआरडीपी' म्हणायचे त्यात, आम्ही शेळ्यांची कर्जं वाटत होतो. दहा शेळ्या आणि एक बोकड, शेतमजुराला एक तृतीयांश अनुदान. प्रत्येक शेळीचा विमा आणि विम्याचा बिल्ला कानात ठोकलेला. शेळी मेली, तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा नियम. एक विधवा बाई आली. तिची शेळी रात्री मेली होती आणि सकाळपर्यंत कुत्र्यांनी तोंडाकडचा भाग खाल्ला होता. कान नव्हता, बिल्लाही नव्हता. तिनं पदराच्या गाठीतून शेळीचं एक खूर काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "साहेब, हे तिचंच हाय. वळखा."

मी त्या खुराला ओळखू शकत नव्हतो. बिनबिल्ल्याच्या दहा खोट्या मागण्या त्याच महिन्यात आल्या होत्या, एकच मेलेली शेळी तीन जणांनी दाखवलेली मी स्वतः पकडली होती. म्हणून मी नियमाप्रमाणे नकार लिहिला. सही करताना हात थांबला नाही, हे कबूल करतो. ती बाई खूर तिथेच ठेवून गेली. शिपायानं ते फडक्यात धरून बाहेर टाकलं. कर्जाचे हप्ते तिनं नंतर मजुरी करून फेडले. माझ्या कादंबरीत ही बाई दोनदा येऊन गेली आहे, दोन्ही वेळा मी तिला भरपाई मिळवून दिली आहे. कादंबरीत ते सोपं असतं.

तर बिल्ल्याचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको आणि बिल्ल्यापायी काय होतं, हेही शिकवायला नको. मी त्या गड्याला म्हणालो, "आपण अर्ज भरून पाहू. फी कुठून आणायची ते मागाहून." मनात थोडी खुमखुमीही होती, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज नाकारले, आता एखादा भरून मंजूर करून घ्यावा, असं वाटलं.

नाव लिहिलं. वय लिहिलं. पत्त्यावर गाडी अडली. जागा कुठे आहे, कशी आहे, कुत्र्यांसाठी सोय काय, हे सांगायचं, कारण ती जागा तपासायला माणूस येणार. पावसाळ्यातले चार-पाच महिने गावाकडच्या पत्र्याच्या खोलीत. उरलेले महिने कारखाना नेईल तिथे. कधी शिराळ्याच्या बाजूला, कधी चिकोडीच्या. मागच्या हंगामात तर टोळी तीन ठिकाणी हलली. पिल्लं नेमकी तेव्हाच होतात. मी विचारलं, "मागची वीण कुठे झाली?" तो म्हणाला, "वाटंतच. ट्रॉलीत." हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तपासनीस आला, तर त्यानं ट्रॉलीची लांबी-रुंदी मोजायची की काय?

चिपेची चौकशी केली. एका खासगी डॉक्टरांनी सांगितलं, छत्रपती संभाजीनगराहून मागवावी लागेल, आणि एकेक मागवणं परवडत नाही.

इंग्लंडमध्येही परवाना लागतो. तिथल्या २०१८ च्या नियमांप्रमाणे वर्षात तीन किंवा जास्त विणी घेऊन पिल्लं विकणारा परवान्याखाली येतो. धंदा म्हणून करणारा असेल, तर त्याहून कमी असतील तरी येतो. एखाद्याच्या घरी एखाद्या वर्षी एक वीण झाली, तर त्याला धरत नाहीत. शिवाय एप्रिल २०२० पासून दुकानदारानं किंवा दलालानं सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू विकणं तिथे बंद आहे. घ्यायचं तर जिथे जन्मलं तिथून, आईला पाहून. वेल्समधल्या पैदासखान्यातून सोडवलेल्या 'लूसी' नावाच्या कुत्रीवरून लोक त्याला 'लूसीचा कायदा' म्हणतात. हे वाचल्यावर मला आमच्या नियमांतली उणीव नीट दिसली. मोठा पैदासखाना आणि कोपीपुढची एक कुत्री यांना एकच अर्ज, एकच फी. मोठ्याला पाच हजार म्हणजे अर्ध्या पिल्लाची किंमत. याला वर्षाच्या सगळ्या पिल्लांतून उरतील तेवढे. मग तो नोंदणीच करणार नाही, आणि नोंदणी न केलेल्यांच्या गर्दीत पुण्यातला तो गोड बोलणारा आरामात लपणार. एका-दोन कुत्र्यांच्या पाळणाऱ्याला शंभर रुपयांत, ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नाव लिहिता आलं, तर अडचण काय? नियम तेच ठेवा. आठ आठवडे, लस, आईचं वय. फक्त दाराची उंची त्याच्या उंचीएवढी करा.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूनं होतो. मग मी कुत्रीबद्दल विचारायला लागलो. पहिली वीण कधी? दहाव्या महिन्यात. आता वय किती? साडेचार. विणी किती? त्यानं बोटं मोडली. सहा. माजावर आली की लावायची, एकही माज सोडायचा नाही. ओट्याखाली ती बसली होती. कारवानी कुत्री सडपातळच असते, म्हणून इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. नीट पाहिलं तर माकडहाड वर आलेलं, स्तनं ओघळून लोंबणारी, केस विरळ. माणूस वाईट नाही हा. स्वतःच्या भाकरीतली अर्धी तिला घालतो. पण तिच्या पोटावर त्याचा हप्ता चालतो, आणि ते ती फेडतेय.

"अठरा महिन्यांआधी लावायची नाही आणि दर माजाला लावायची नाही, असं कायद्यात आहे," मी जरा कडक आवाजात म्हणालो. तो खाली बघत राहिला.

त्याची बायको पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. इतका वेळ बोलली नव्हती. तिनं विचारलं, "साहेब, कुत्रीला अठरा महिने लिवल्यात का खरंच?"

"लिहिलंय."

"बाईला अठरा वर्सं लिवल्यात. माझं लगीन चवदाव्या वर्षी झालं. तवा कुणी आलं न्हाई बघायला." सूप झाडत ती पुढे म्हणाली, "कुत्रीला येतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऊसतोडीला जोडी लागते, एकट्या मुलाला कोयता मिळत नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यात मुली लवकर उजवल्या जातात, हे मी इतकी वर्षं जाणतो. तिच्या सुरात तक्रारही नव्हती. मी पेनाला टोपण लावलं.

नवरा तेवढ्यात म्हणाला, "ह्या खेपंला सोडतो मी. न्हाई लावत." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उचलीचं काय?"

अर्ज माझ्या टेबलावर तसाच आहे. पत्त्याचा रकाना कोरा. तो कोरा ठेवून पाठवला, तर परत येईल, हे मला चांगलं ठाऊक आहे, मीच असे शेकडो परत पाठवलेत. गावाचा पत्ता घालून पाठवला, तर तपासणीला येणाऱ्याला कुलूप दिसेल. मुलगा म्हणतो, "फी मी भरतो, पाठवून द्या." मी अजून पाठवलेला नाही.

पिल्लू मात्र घेतलं. तीन हजार दिले. तालुक्याच्या दवाखान्यात लस टोचून घेतली आणि कार्ड करून घेतलं. मग एका शंभर पानी वहीच्या पानावर मी स्वतः पावती लिहिली. जन्मतारीख, आईचा रंग आणि खूण, जन्मस्थान 'ट्रॉलीत, प्रवासात', दिलेली लस, पुढच्या लशीची तारीख, घेणाऱ्याचं नाव, रक्कम. खाली त्यानं सही केली. त्याला सहीपुरतं लिहिता येतं. दुसरी प्रत त्याला दिली. ती त्यानं आधारकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. या कागदाला कायद्यात काही किंमत नाही, हे मी त्याला सांगितलं. तरी ठेवली.

नातवानं पिल्लू दारात पाहिलं आणि आत निघून गेला. हातही लावला नाही. दहा दिवस तो त्याच्यापासून लांब बसायचा. अकराव्या दिवशी सुनेचा फोन आला की, ती पावती त्यानं माझ्याकडून आलेल्या पाकिटातून काढून आपल्या कंपासपेटीत ठेवली आहे आणि आज सकाळी पिल्लाला घेऊन तो जिन्यात बसलाय. पिल्लाला सहा महिने झाले तोवर नाव ठेवलं नव्हतं. आता ठेवलंय, पण ते घराबाहेर सांगायचं नाही, अशी त्याची ताकीद आहे.

दिवाळीनंतर टोळी गेली. जानेवारीत एका रात्री त्या गड्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी पोर रडत होतं. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. थंडी, उसाचा वजनकाटा, मुकादम. मग थोडं थांबून म्हणाला, "साहेब, काळी माजावर आली. इथं एकाजवळ चांगला नर हाय. चार जणांनी पिल्लं सांगून ठिवलीत, आगाऊ पैशे द्यायला तयार हायेत. काय करू?"

मी म्हणालो, "बांधून ठेव."

"किती दिस?"

"तीन आठवडे."

पलीकडे त्याचं आणि बायकोचं काहीतरी बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही. मग तिचाच आवाज आला, फोनच्या अगदी जवळून. "बांधली हाय साहेब. सकाळीच बांधली मी."